बॉर्डरवरची शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल: सप्लिमेंट घ्यायचंच असेल तर एका वेळी एकच

रिपोर्ट हातात येतो. बाकीचे आकडे साध्या अक्षरांत आणि एकच ठळक. डॉक्टर म्हणतात, "बॉर्डरला आहे. लगेच औषध नको, तीन महिन्यांनी परत बघू." हा लेख त्या तीन महिन्यांसाठी आहे.

ते तीन महिने सहसा रिकामे जात नाहीत. नात्यातलं कोणी मेथीदाणे सुचवतं, कोणी दालचिनी, कोणी एखाद्या कॅप्सूलचा फोटो पाठवतं. माझा एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा आकडा) ६.१ आला तेव्हा मी चार गोष्टी एकदम सुरू केल्या होत्या: मेथीची पूड, दालचिनीच्या कॅप्सूल, हळदीचा अर्क आणि एक मल्टिव्हिटॅमिन. त्याच काळात संध्याकाळी चालायलाही लागले. तीन महिन्यांनी आकडा ५.८ वर आला आणि मी हरखून गेले. पण त्याच रिपोर्टमध्ये यकृताचे एन्झाइम वाढलेले दिसले. डॉक्टरांनी सगळं बंद करायला सांगितलं. सहा आठवड्यांनी एन्झाइम जागेवर आले. साखर कशाने उतरली आणि यकृत कशाने बिघडलं, हे मला आजही सांगता येत नाही, कारण सगळं एकत्र घेतलं होतं. फायदा कुठून आला ते कळलं नाही, तोटा कुठून आला तेही नाही. पुढचं सगळं त्या चुकीतून शिकून लिहिलं आहे.

पहिली पायरी: आकडा खरा आहे का ते बघा

एका रिपोर्टच्या भरवशावर काहीही सुरू करू नका. शुगरच्या बाबतीत उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या आधीचा टप्पा मानतात. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची सीमा थोडी वर, ११० पासून धरते. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीए१सी ६.५ झाला, किंवा त्याच्या पुढे गेला, आणि फेरचाचणीतही तेच आलं, तर तो मधुमेहच. मग गोष्ट बॉर्डरची राहत नाही.

एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचं मोजमाप. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची गोष्ट सांगतो. पण शरीरात लोह कमी असेल तर तो खोटा वाढलेला दिसू शकतो. नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल किंवा थॅलेसेमियासारखा आजार असेल तरी त्याच्यावर विसंबता येत नाही. त्यामुळे हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय एचबीए१सीवरून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका.

एलडीएल, म्हणजे "वाईट" म्हणतात त्या कोलेस्टेरॉलचा आकडा बऱ्याच प्रयोगशाळा थेट मोजत नाहीत. बाकीच्या आकड्यांवरून तो गणिताने काढतात, आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) ४०० च्या वर असतील तर नेहमीच्या सूत्राचं उत्तर चुकतं. मोठ्या आजारातून नुकतेच उठला असाल तर कोलेस्टेरॉल तात्पुरतं कमी दिसतं.

थायरॉइडची चाचणी असेल आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा. जास्त मात्रेतलं बायोटिन काही चाचण्यांच्या रसायनात ढवळाढवळ करतं. टीएसएच (थायरॉइडचा मुख्य आकडा) खोटा कमी दिसतो आणि नसलेल्या आजारावर उपचार सुरू होण्याची वेळ येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल २०१७ मध्ये जाहीर इशारा दिला होता. चाचणीच्या दोन-तीन दिवस आधी बायोटिन थांबवलं की सहसा प्रश्न मिटतो. किती दिवस थांबवायचं ते मात्रेवर अवलंबून असतं, म्हणून डॉक्टरांना विचारा.

सगळ्यात जास्त गोंधळ बीपीचा. जिना चढून आलात, डॉक्टरांसमोर बसलात, पट्टा बांधत असताना बोललात, की वरचा आकडा सहज दहाने वाढतो. म्हणून घरी मोजा आणि असं मोजा: लघवीला जाऊन या. अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू काही नको. पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पायावर पाय नको. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा हृदयाच्या उंचीला येईल. पट्टा उघड्या दंडावर हवा, बाहीवर नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या. लहान पट्टा आकडा फुगवतो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर बीपी वाढलेलं आहे. काही देशांत आता १३०/८० पासूनच उच्च रक्तदाब धरतात.

दुसरी पायरी: थांबायला वेळ आहे का

सप्लिमेंट करून बघायची मुभा सगळ्यांना नाही. बीपी १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, बोलणं अडखळत असेल किंवा नजर धूसर होत असेल, तर लगेच दवाखाना गाठा. तहान आणि लघवी वाढली आहे, वजन आपोआप उतरतंय आणि साखर चढलेली आहे, तर तीन महिने थांबू नका. एलडीएल १९० किंवा त्याच्या वर असेल तर तो आनुवंशिक असू शकतो. तिथे इसबगोलाच्या भरवशावर बसणं म्हणजे धमन्यांची वर्षं वाया घालवणं.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असलेले, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे आणि लवकरच शस्त्रक्रिया होणार असलेले लोक, यांनी खालचं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. हे उपचार म्हणून लिहीत नाही. जी गोष्ट मी माझ्या आईच्या हातात विचारल्याशिवाय देणार नाही, ती तुम्हाला घ्या म्हणून कशी सांगू?

तिसरी पायरी: पाया घाला

२००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ३,२३४ लोक त्यात होते. एका गटाला मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दिली. दुसऱ्या गटाने वजन ७ टक्के उतरवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याइतक्या व्यायामाचं लक्ष्य ठेवलं. नुसती दाखवायची गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झालं. चालणाऱ्या, वजन उतरवणाऱ्या गटात ते ५८ टक्क्यांनी कमी झालं. एवढा परिणाम दाखवणारी कॅप्सूल मला अजून कुठे सापडलेली नाही.

बीपीसाठी मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. यकृतात चरबी साचली असेल तर वजन ५ टक्के उतरलं की चरबी कमी व्हायला लागते. ७ ते १० टक्के उतरलं तर सूजही ओसरण्याची चांगली शक्यता असते. झोपेत घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर त्याची तपासणी करून घ्या. न सापडलेला हा त्रास बीपी खाली येऊ देत नाही.

हे सुरू करून तीन-चार आठवडे झाले की मगच सप्लिमेंटचा विचार करा. म्हणजे चालण्याचा परिणाम एखाद्या डबीच्या नावावर जमा होणार नाही.

चौथी पायरी: कशासाठी काय, आणि काय नको

सगळ्यात आधी इसबगोल. सप्लिमेंटपैकी एकच काही करून बघायचं असेल आणि आकडा एलडीएलचा किंवा शुगरचा असेल, तर मी इथूनच सुरुवात करायला सांगेन. इसबगोलाच्या सालीतला तंतू पाण्यात विरघळून चिकट जेल होतो. पित्तातली आम्लं तो आतड्यात अडकवून बाहेर नेतो. ती आम्लं परत बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं आणि एलडीएल उतरतो. जेवणाबरोबर घेतला तर तोच जेल साखर सावकाश शोषू देतो. अनेक चाचण्यांचं एकत्रित गणित बघितलं तर दिवसाला साधारण १० ग्रॅम इसबगोलाने एलडीएल सरासरी १३ मिलिग्रॅमने खाली येतो. हा आकडा छोटा वाटेल, पण तो खात्रीचा आहे.

घ्यायची पद्धत महत्त्वाची आहे, कारण चुका इथेच होतात. सुरुवात दिवसातून एकदा ३ ग्रॅमने करा. चमच्यावर भरवसा ठेवू नका. भुशी हलकी असते आणि पूड जड, त्यामुळे एकदा काट्यावर वजन करून तुमच्या चमच्यात किती मावतं ते बघून ठेवा. २५० मिलिलिटर पाण्यात टाका, ढवळा आणि लगेच प्या. पेला खाली ठेवून फोन घेतलात तर परत येईपर्यंत लापशी झालेली असेल. पाण्याचा थर दिसणार नाही आणि चमचा उभा राहील. ती लापशी गिळायचा प्रयत्न करू नका, घशात अडकते. त्यात आणखी पाणी घाला, नाहीतर टाकून द्या. वरून अजून अर्धा पेला पाणी प्या. कोरडी भुशी तोंडात टाकून वर पाणी पिणं धोक्याचं आहे. पहिले आठ-दहा दिवस पोटात वायू धरतो. आठवड्याला २-३ ग्रॅम वाढवत गेलात तर शरीराला सवय होते. ७ ते १० ग्रॅम दोन वेळांत विभागून, जेवणाच्या आधी घ्या. गिळायला त्रास होत असेल किंवा आतड्याला पूर्वी अडथळा झाला असेल, तर इसबगोल तुमच्यासाठी नाही.

कोलेस्टेरॉलसाठी आणखी दोन गोष्टींचा पुरावा भक्कम आहे. ओट्समधला बीटा-ग्लुकन हा तंतू रोज ३ ग्रॅम, आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल रोज २ ग्रॅम, जेवणाबरोबर. स्टेरॉलची रचना कोलेस्टेरॉलसारखीच असते. आतड्यात ते कोलेस्टेरॉलची जागा अडवतात आणि एलडीएल ८ ते १० टक्के उतरतो. २००३ मध्ये कॅनडात डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकट तंतू, स्टेरॉल, सोयाचं प्रथिन आणि बदाम एकाच आहारात बसवले. महिन्याभरात एलडीएल २८ टक्क्यांहून जास्त उतरला, आणि त्याच अभ्यासात स्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध घेणाऱ्यांचा ३० टक्क्यांहून थोडा जास्त. लोक जेमतेम ४६ होते आणि जेवण हातात दिलेलं होतं, घरी इतकं जमत नाही. तरीही दिशा कोणती ते यातून कळतं.

लाल यीस्टच्या तांदळाबद्दल मात्र कळकळीने सांगते. "नैसर्गिक, स्टॅटिन नाही" म्हणून तो विकला जातो. त्यातलं मोनाकोलिन के आणि लोवास्टॅटिन हे औषध रासायनिक दृष्ट्या एकच आहे. म्हणजे तुम्ही स्टॅटिनच घेता, फक्त किती घेता ते माहीत नसतं. स्नायू दुखणं, यकृतावर ताण हे सगळं त्याच्याबरोबर येतं, आणि आंबवण्याची प्रक्रिया नीट झाली नसेल तर मूत्रपिंडाला घातक सिट्रिनिनही. युरोपीय संघाने २०२२ मध्ये मोनाकोलिनची रोजची मात्रा ३ मिलिग्रॅमच्या खाली आणली. स्टॅटिन लागणार असेल तर मोजून-मापून दिलेलं स्टॅटिन घ्या.

माशाच्या तेलाने एलडीएल उतरत नाही. त्याचा उपयोग ट्रायग्लिसराइड खूप वाढले असतील तेव्हा, तोही मोठ्या मात्रेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण मोठ्या मात्रेने हृदयाची लय बिघडण्याचा धोका थोडा वाढतो.

शुगरसाठी मेथीची पूड बऱ्याच लहान अभ्यासांत उपयोगी दिसली आहे, पण मात्रा प्रत्येक ठिकाणी वेगळी आणि अभ्यासांचा दर्जा यथातथाच. घ्यायची तर ५ ग्रॅमने सुरू करा. घामाला आणि लघवीला गोडसर वास यायला लागला तर दचकू नका, तो मेथीचाच. शेंगदाण्याची किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असेल तर जपून, मेथी त्याच कुळातली आहे. गरोदरपणात पूड नको.

दालचिनीचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय स्वस्तातली जाड सालीची कॅशिया दालचिनी रोज चमचाभर खाल्ली तर तिच्यातलं कूमरिन यकृताला जड जातं. युरोपातली सुरक्षित मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६ मिलिग्रॅम. सिलोनी दालचिनीत कूमरिन नावापुरतंच असतं. पदार्थात घाला, औषध म्हणून घेऊ नका, असं माझं मत.

बर्बेरीन हा काही वनस्पतींतून काढलेला घटक साखर उतरवतो, हे खरं. म्हणूनच ते सांभाळून वापरायचं रसायन आहे. पोट बिघडवतं, इतर औषधांच्या पातळ्या बदलतं, गरोदरपणात आणि तान्ह्या बाळाला तर अजिबात चालत नाही. डॉक्टरांना न सांगता घेऊ नका.

"ड" जीवनसत्त्वाने मधुमेह टळतो, असं फार ऐकायला मिळतं. २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात उंबरठ्यावरच्या २,४२३ लोकांपैकी निम्म्यांना रोज ४,००० युनिट दिले गेले. दोन-अडीच वर्षांनी दोन्ही गटांतला फरक ठामपणे सांगता येईल एवढा नव्हता. पातळी कमी असेल तर जरूर भरून काढा, पण हाडांसाठी. आणि मेटफॉर्मिन सुरू होऊन काही वर्षं झाली असतील तर बी१२ तपासा, ते खरोखर कमी होतं.

आता बीपी. इथे एक मराठी गोंधळ आधी सोडवू. "हिबिस्कस चहा" म्हणून ज्याचा अभ्यास झाला तो जास्वंदीचा चहा नव्हे. ती अंबाडीची लाल बोंडं. २०१० मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ६५ लोकांपैकी निम्म्यांनी सहा आठवडे रोज तीन कप हा चहा घेतला. वरचा आकडा सरासरी ७.२ ने उतरला, दुसऱ्या गटाचा १.३ ने. साखर न घालता करून बघायला हरकत नाही, पण बीपीची गोळी आधीच चालू असेल तर चक्कर येते का याकडे लक्ष ठेवा.

पोटॅशियमयुक्त मीठ हा इथला सगळ्यात दमदार उपाय. चीनमधल्या ६०० गावांत जवळपास २१,००० लोकांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या मिठाऐवजी ७५ टक्के सोडियम आणि २५ टक्के पोटॅशियमचं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. पण मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन अशा गटातली बीपीची गोळी चालू असेल तर हेच मीठ रक्तातलं पोटॅशियम जीवघेणं वाढवू शकतं. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) आणि पोटॅशियम तपासा. पोटॅशियमच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका.

मॅग्नेशियमने बीपी दोन-एक अंकांनी उतरतं, फार नाही. लसणाच्या अर्काने बीपी वाढलेल्यांत थोडा जास्त फरक दिसतो, पण रक्त गोठणं मंदावतं. शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी तो बंद हवा.

आणि ज्येष्ठमध. घसा बसला की काढ्यात घालतात, आम्लपित्तासाठी पूड चघळतात. त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ आणि पाणी साठवून ठेवतं, पोटॅशियम बाहेर घालवतं आणि बीपी वाढवतं. बॉर्डरवरचं बीपी कारण नसताना वर जात असेल तर गोळीचा विचार करण्याआधी घरात ज्येष्ठमध चालू आहे का, आणि अंगदुखीच्या गोळ्या रोज पोटात जातात का, हे विचारा. माझ्या मोठ्या भावाचं बीपी १५२ वर अडलं होतं. खोकल्याच्या काढ्यातला ज्येष्ठमध बंद केल्यावर तीन आठवड्यांत ते १३४ झालं.

चरबीयुक्त यकृतासाठी "लिव्हर टॉनिक" शोधत बसू नका. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. चहा पिणं वेगळं, अर्क वेगळा. काळ्या मिरीच्या अर्काबरोबर दिलेल्या हळदीच्या कॅप्सूलचंही तसंच आहे: मिरीने हळद कित्येक पटींनी जास्त शोषली जाते आणि काहींच्या यकृताला ती झेपत नाही. स्वयंपाकातल्या हळदीबद्दल हे नाही. जीवनसत्त्व ई काही रुग्णांना डॉक्टर देतात, पण रोज ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांच्या एका मोठ्या अभ्यासात प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला होता. ते आपणहून घ्यायचं नाही.

थायरॉइड बॉर्डरला असेल तर समुद्रशैवालाच्या गोळ्या नकोत; जादा आयोडीन ग्रंथी आणखी बिघडवतं. अश्वगंधा थायरॉइडचे हार्मोन वाढवू शकते, म्हणून गोळी चालू असताना तिची भर नको.

पाचवी पायरी: डबी उलटी करून वाचा

पुढच्या बाजूला मोठी अक्षरं असतात, खरी माहिती मागच्या बाजूला असते. माशाच्या तेलाच्या "१००० मिलिग्रॅम" कॅप्सूलमध्ये उपयोगाची ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्लं मिळून बऱ्याचदा फक्त ३०० मिलिग्रॅम असतात. मॅग्नेशियम ऑक्साइड ४०० मिलिग्रॅम असेल तर त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण २४०, आणि तेही नीट शोषलं जात नाही. म्हणून लेबलवर "एलिमेंटल" किती ते शोधा. अमेरिकेत सप्लिमेंटमधून घ्यायच्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा ३५० मिलिग्रॅम आहे. त्यापुढे जुलाब लागू शकतात.

दहा वनस्पतींची नावं आणि खाली एकच एकूण वजन असेल तर ती डबी परत ठेवा. मात्रा माहीत नसेल तर नोंद कसली करणार? बॅच क्रमांक, मुदत, उत्पादकाचा पूर्ण पत्ता आणि बाहेरच्या प्रयोगशाळेची तपासणी, हे बघा. २००८ मध्ये इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली गेली तेव्हा साधारण पाचांपैकी एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. यात आयुर्वेदाचा अनादर नाही. पाठीमागे तपासणी नसलेल्या पुडीबद्दलची ही सावधगिरी आहे. महिन्याभरात मधुमेह मुळासकट घालवतो असं लिहिलेलं काहीही घेऊ नका. अशा काही उत्पादनांत डायबेटिसची ॲलोपॅथिक औषधंच मिसळलेली सापडली आहेत.

सहावी पायरी: चालू गोळ्यांशी जुळवून घ्या

कागदावर सगळ्या गोळ्या लिहा. गर्भनिरोधक, डोकेदुखीची, आम्लपित्ताची, काढे, सगळं. तो कागद औषधांच्या दुकानातल्या फार्मासिस्टना दाखवा. हे विचारायला लोक संकोचतात, पण त्यांचं शिक्षण याचंच असतं. इसबगोल आणि कुठलीही गोळी यांत दोन तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांत चार तासांचं. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लसूण, हळद, मेथी यांचे अर्क टाळा. साखर उतरवणाऱ्या गोळीबरोबर मेथी किंवा बर्बेरीन घेतलं तर साखर फार खाली जाऊ शकते: हात थरथरणं, घाम, अचानक भूक ही त्याची लक्षणं. तेव्हा लगेच काहीतरी गोड खा.

सातवी पायरी: बारा आठवड्यांची वही

साधी वही घ्या. पहिल्या पानावर चार ओळी: काय सुरू करतेय, किती मात्रा, कुठल्या आकड्यासाठी, कधी थांबणार. माझ्या वहीतली नोंद अशी होती: "इसबगोल. ३ ग्रॅमपासून १० पर्यंत. एलडीएल १४८. बारा आठवडे. १३५ च्या खाली नाही आला तर बंद." थांबायची तारीख आधीच लिहिली नाही तर डबी संपते, दुसरी येते आणि आपण वर्षानुवर्षं सवयीने गिळत राहतो.

सुरू करण्याआधी यकृताचे एन्झाइम आणि क्रिएटिनिन यांची चाचणी करून घ्या. माझ्याकडे ही सुरुवातीची नोंद असती तर त्या वेळी निदान एवढं कळलं असतं की एन्झाइम आधी ठीक होते की नव्हते.

मग रोज एक ओळ. घेतलं की चुकलं, पोट कसं, झोप कशी, बीपी मोजलं असेल तर आकडा. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी. बारा आठवड्यांत दुसरं सप्लिमेंट आणायचं नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. आहारात मोठा बदल झाला, आजारपण आलं किंवा प्रवास झाला तर तेही लिहा.

डोळे किंवा त्वचा पिवळी, लघवी चहासारखी गडद, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं, अन्नावरची वासना जाणं: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बंद करा आणि रक्त तपासा. पुरळ, ओठांना सूज, श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखान्यात जा.

फेरतपासणी त्याच प्रयोगशाळेत, त्याच वेळी. एलडीएलचा परिणाम सहा ते बारा आठवड्यांत दिसतो, एचबीए१सीचा तीन महिन्यांनी. ०.१ किंवा ०.२ चा फरक हा मोजमापातलाच चढउतार असू शकतो, त्यावर पेढे वाटू नका आणि रडूही नका. एलडीएल काही न करताही वर-खाली होतो, त्यामुळे पाच-सहा अंकांनी खाली आला तर आणखी एकदा तपासून मग ठरवा.

आठवी पायरी: वही घेऊन डॉक्टरांकडे

सप्लिमेंट घेतल्याचं लपवू नका. डॉक्टर रागावतील म्हणून लोक सांगत नाहीत आणि मग वाढलेल्या एन्झाइमचं कारण शोधायला सोनोग्राफीपर्यंत जावं लागतं. "हे घेतलं, या तारखेपासून, एवढं, आणि आकडा इथून इथे आला" असं वहीतून दाखवलंत तर डॉक्टरही वेगळ्या लक्षाने ऐकतात, हा माझा अनुभव आहे. भेटीला जाताना डबीही बरोबर न्या, फोटो नको.

आकडा हलला नसेल आणि डॉक्टरांनी औषध सुचवलं तर तो तुमचा पराभव नाही. चाळीस वर्षं चढत गेलेला एलडीएल बारा आठवड्यांच्या भुशीने सगळ्यांचा उतरत नाही. विचारा की औषध कशासाठी, किती दिवसांनी तपासायचं, कोणतं सप्लिमेंट चालू ठेवायचं. स्टॅटिन सुरू झालं तर लाल यीस्टचा तांदूळ त्याच दिवशी बंद. साखरेची गोळी सुरू झाली तर बर्बेरीन बंद. इसबगोल चालू राहू शकतं, गोळीपासून दोन तास लांब ठेवून. स्टॅटिनबरोबर त्याचा फायदा मिळून वाढतो. आणि आधीच चालू असलेली गोळी सप्लिमेंटच्या भरवशावर स्वतःहून कमी करू नका, आकडा कितीही छान आला तरी. तो छान आला आहे तो बहुधा त्या गोळीनेच.

माझा एलडीएल बारा आठवड्यांनी १३१ आला. वहीत तारीख घालून इसबगोल चालू ठेवलं, आणि पुढच्या पानावर नवीन मथळा लिहिला: "अंबाडीचा चहा, सहा आठवडे, बीपी १३८/८६."